हॉलमधलं जुनं शोकेस दोन-अडीच हजारात नव्याने कसं मांडायचं

मराठी घरातल्या शोकेसमध्ये काय काय असतं ते वेगळं सांगायला नकोच. वास्तुशांतीला आलेले सात-आठ गणपती, काचेच्या डबीतला ताजमहाल, मुलाच्या चौथीतल्या ट्रॉफ्या, जिचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही अशी एक बाहुली, कुणीतरी सिंगापूरहून आणलेला पांढरा सिंह, आणि खालच्या कोपऱ्यात लग्नपत्रिका, लाइटबिलं, एक बंद पडलेलं घड्याळ. मग रात्री मोबाइलवर लोकांची घरं बघितली की वाटतं हे सगळं फोडून नवीन युनिट करून घ्यावं, सुतार येतो, टेप लावून माप घेतो, आकडा सांगतो आणि आपण त्याला चहा पाजून परत पाठवतो.

फोडायची काही गरज नाहीये. जुन्या शोकेसची दोनच दुखणी असतात, गर्दी आणि अंधार, आणि दोन्हीवर सुताराशिवाय उपाय आहे. मांडायचं कसं हे पण आपल्याकडे नवीन नाही, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्या आया-आज्या काय करायच्या आठवा, डबे आणि पुस्तकांचे गठ्ठे एकावर एक ठेवून पायऱ्या, त्यावर जरीची साडी, मागे एक गडद पडदा, मध्ये देवी, दोन बाजूंना समया, आणि बाकी सगळं देवीच्या मानाने छोटं. पायऱ्या, पडदा, उजेड आणि एकच मुख्य वस्तू, शोकेसला हेच चार नियम लावायचे, फक्त सामान एक चतुर्थांश ठेवायचं. काम शनिवार-रविवारचं आहे, साफसफाई शनिवारी आणि मांडणी रविवारी.

सगळ्यात आधी फोटो आणि माप

आत्ता शोकेस जसं आहे तसाच एक फोटो समोरून काढून ठेवा. रोज बघून बघून आपल्याला गर्दी दिसेनाशी होते, फोटोत ती लगेच दिसते. मग प्रत्येक कप्प्याची रुंदी, उंची आणि खोली इंचात लिहून घ्या. खोली लिहायला बहुतेक जण विसरतात आणि मग बाजारातून आणलेली सुंदर परात आत बसतच नाही, दार लागत नाही. दारं सरकती असतील तर काचांची जाडी आणि पट्टी जाऊन आत वापरायला मिळणारी जागा एक-दीड इंचाने कमी होते, तेवढी वजा करूनच लिहा.

रिकामं करा, म्हणजे खरंच पूर्ण रिकामं

जमिनीवर जुनी चादर पसरा आणि शेवटच्या पिनेपर्यंत सगळं बाहेर काढा. "हे इथेच राहू दे" म्हणून एक जरी वस्तू आत ठेवली की तिच्याभोवती परत जुनीच मांडणी तयार होते. मग ढीग करा. एक ढीग ज्या वस्तूमागे घरातल्या कुणाची तरी गोष्ट आहे त्यांचा, एक नुसत्या दिसायला छान आहेत त्यांचा, एक भेट आली म्हणून ठेवलेल्यांचा आणि एक कागदपत्रं-चाव्या-बिलांचा. शेवटचा ढीग ड्रॉवरमध्ये जातो, त्यावर चर्चाच नको.

तिसऱ्या ढिगावर मात्र घरात चर्चा होणार. आमच्या घरातला संवाद जवळपास असा होता.

"अहो आई, हे नऊ गणपती आहेत."
"असू देत की, देव आहेत ते, माळ्यावर टाकायचे का?"
"माळ्यावर नको. तुम्हाला आवडतो तो एक मधोमध ठेवू."
"मग तो पितळेचा ठेव, नाशिकच्या वन्संनी दिलेला. आणि त्या बाकीच्यांचं काय करणार ते मला सांग आधी."

प्रश्न बरोबरच होता. देवांच्या मूर्ती लोकांना रद्दीत किंवा भंगारात द्यायला जिवावर येतं आणि यायलाच हवं. मग नवीन घर घेतलेल्या भाच्याला एक, सोसायटीच्या ऑफिसात एक, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर एक छोटा, असे वाटून टाका. राहिलेले मऊ कापडात गुंडाळून खोक्यात, खोक्यावर नाव लिहून. दर दोन-तीन महिन्यांनी मधल्या कप्प्यातला गणपती बदलायचा, म्हणजे कुणाची भेट टाकून दिली असंही होत नाही. ज्येष्ठांच्या वस्तू त्यांना न विचारता हलवू नका, भांडण दोन हजारांपेक्षा महाग पडतं.

ट्रॉफ्यांसाठी एक युक्ती आहे. प्लास्टिकच्या ट्रॉफीची सोनेरी पट्टी, ज्यावर नाव आणि स्पर्धा लिहिलेली असते, ती बहुतेक वेळा नुसती चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने जरा गरम केली की सुरीच्या बोथट कडेने निघते. अशा सगळ्या पट्ट्या काळ्या किंवा गडद निळ्या कार्डशीटवर ओळीने लावून एका फ्रेममध्ये घाला. वीस ट्रॉफ्यांची जागा एक फ्रेम घेते आणि नावं उलट जास्त नीट वाचता येतात. सगळ्यात मोठ्या मानाची ट्रॉफी तेवढी शेजारी उभी ठेवायची. अर्थात ट्रॉफी ज्याची आहे त्याला आधी विचारा.

साफसफाई आणि डागडुजी

सरकत्या काचा काढायला दोन माणसं लागतात. काच दोन्ही हातांनी सरळ वर उचलायची, वरच्या पट्टीत ती थोडी आत जाते, मग खालची कड आपल्याकडे ओढून बाहेर घ्यायची. खालच्या पट्टीत वर्षानुवर्षांची काळी माती, झुरळांची अंडी, एखादी टाचणी असं सगळं सापडतं, ते जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, मग पट्टीत मेणबत्तीचा तुकडा घासा, दार परत पहिल्यासारखं सरकायला लागतं. काचेला पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि शेवटचा हात वर्तमानपत्राने.

रिकामं आहे तोवर टॉर्च घेऊन कोपरे बघा. मातीच्या बारीक रेषांसारख्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि कप्प्यावर पिवळसर भुकटीचे बारीक ढीग दिसले तर लाकूड पोखरणारा किडा आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तर सजावट थांबवून आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, वर कापड लावून झाकू नका. सनमायका कडेने सुटला असेल तर फेविकॉल एसआरसारखा गम आणा, दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा आणि मगच दाबायचा, ओला असताना दाबला तर धरत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो.

मागची बाजू

इथे सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडतो. जुन्या शोकेसची पाठ एकतर तपकिरी सनमायकाची असते नाहीतर आरशाची. आरसा असेल तर तो झाकाच, कारण आरशात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते आणि समोरचा सोफा, पंखा, वाळत घातलेले कपडे पण दिसतात.

कापड पाठीला थेट चिकटवू नका. स्टेशनरीच्या किंवा बोर्ड-बॅनरच्या दुकानात 3 किंवा 5 मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड मिळतो, तो कप्प्याच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी 3-4 मिलिमीटर कमी कापून घ्या, त्यावर कापड ताणून मागच्या बाजूला टेपने पक्कं करा आणि तो बोर्ड आत उभा सरकवा. दोन ठिकाणी डबलटेप पुरतो. भाड्याचं घर असलं तरी चालतं, कंटाळा आला तर दुसरं कापड चढवता येतं.

कापडात माझी पहिली पसंती खण. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा कपडा, चोळीचा, बारीक विणीतली नक्षी असलेला, आणि त्याला अंगचीच एक चमक असते जी दिव्यात खुलते. मशीनवरचा खण बराच स्वस्त मिळतो आणि पाठीला लावायला तोही छान दिसतो. पन्हा लहान असतो म्हणून माप घेऊनच दुकानात जा, नाहीतर मध्ये जोड येतो. जुनी फाटकी इरकल किंवा नारायणपेठी असेल तर तिचे चांगले राहिलेले भाग वापरता येतात, काठ कप्प्याच्या खालच्या कडेला आडवा आला की फार देखणं दिसतं. कापड नको असेल तर हातकागद घ्या, पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत त्याचे भरपूर रंग मिळतात.

रंग निवडताना आत काय ठेवणार ते आधी ठरवा. पितळ आणि पांढरी चिनी माती गडद रंगावर उठून दिसते, बाटलीहिरवा, मरून, नीळ. लाकडी खेळणी, तांबं, मातीची भांडी यांच्यामागे फिकट रंग, हळदीचा किंवा मोतिया. आणि सगळ्या कप्प्यांना एकच कापड. प्रत्येकाला वेगळा रंग लावला की साडीचं दुकान होतं.

उजेड

बजेटमधले सगळ्यात जास्त पैसे इथे घाला. एलईडी स्ट्रिप घ्यायची, 12 व्होल्टची, आणि पाकिटावर 2700 ते 3000 केल्विन लिहिलंय का ते बघायचं, दुकानात त्याला वॉर्म व्हाइट म्हणतात. 6500 केल्विनची पांढरीफटक स्ट्रिप लावली तर पितळ हिरवट दिसतं आणि घर मेडिकलच्या दुकानासारखं. रंग बदलणारी रिमोटवाली स्ट्रिप दुकानदार आग्रहाने दाखवेल, आणायची नाही.

कप्पे काचेचे असतील तर काम सोपं, सगळ्यात वर एक स्ट्रिप लावली की उजेड खालपर्यंत झिरपतो, फक्त काचेवर मोठं अपारदर्शक काही ठेवू नका. कप्पे प्लायचे असतील तर प्रत्येक कप्प्याच्या छताला, पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला स्ट्रिप लावायची, तोंड मागच्या दिशेने. लोक हमखास मागच्या कोपऱ्यात लावतात आणि मग वस्तू समोरून काळ्या सावल्या दिसतात. सोफ्यावर बसून बघा, दिव्याचा ठिपका डोळ्यात जातोय असं वाटलं तर पुढे अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी चिकटवा किंवा स्ट्रिप अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत दुधी झाकणासकट बसवा.

अ‍ॅडॉप्टरचा हिशोब अवघड नाही. स्ट्रिपवर मीटरला किती वॅट ते लिहिलेलं असतं, समजा 10 वॅट, तुम्हाला 3 मीटर लागणार, म्हणजे 30 वॅट, त्याला 12 ने भागलं की अडीच अँपिअर. मग अ‍ॅडॉप्टर 3 अँपिअरचा घ्यायचा, अगदी काठावरचा घेतला तर तापत राहतो. स्ट्रिप कुठेही कापायची नसते, बहुतेक 12 व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये दर तीन दिव्यांनंतर तांब्याचे ठिपके आणि कात्रीची खूण असते, तिथेच. अ‍ॅडॉप्टर शोकेसच्या आत कापडामागे कोंबू नका, बाहेर हवेत राहू दे. प्लगपर्यंतचं काम घरी होतं, पण भिंतीतून नवीन पॉइंट काढायचा असेल तर वायरमनलाच बोलवा. आणि आत पणती, मेणबत्ती काही लावायची नाही, दिवाळी असली तरी.

प्लग जवळपास नसेल तर चार्जिंगचे सेन्सरवाले दिवे मिळतात, मॅग्नेटने चिकटतात, भाड्याच्या घरात तेच बरे.

माळ्यावरचं पितळ

विकत काही आणायच्या आधी माळ्यावर चढा. कळशी, चरवी, गडू, चंबू, पानाचा डबा, अडकित्ता, पितळी सोऱ्या, खलबत्ता, आणि नशीब असेल तर शेर-मापटं-चिपटं अशी उतरत्या मापांची जोडी. ही मापं म्हणजे आयती मांडणी असते, एकाच आकाराच्या लहानमोठ्या वस्तू शेजारी ठेवल्या की आपोआप रचना होते.

खरं पितळ आहे का मुलामा ते लोहचुंबकाने तपासा, चिकटलं तर आत लोखंड आहे. असली वस्तू चिंचेने घासू नका, मुलामा जाईल, नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. खऱ्या पितळेला आणि तांब्याला चिंचेचा कोळ आणि मीठ, हाताने गोलगोल चोळायचं, नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश. काळा रंग सुटून खालून गुलाबीसर पिवळं अंग दिसायला लागलं की ताबडतोब भरपूर पाण्याने धुवायचं, आंबट अंश राहिला तर चार दिवसांत हिरवे डाग येतात. मग कोरड्या पंच्याने पुसून उन्हात अर्धा तास. पीतांबरीनेही होतं, नियम तोच, धुणं आणि वाळवणं. कल्हई फक्त स्वयंपाकाच्या भांड्याला लागते, शोभेच्या भांड्यावर तो खर्च नको. सगळंच चकाचक करायलाही पाहिजे असं नाही, मला तर तळाशी आणि खाचांत थोडा काळेपणा राहिलेला आवडतो, नाहीतर कालच दुकानातून आणल्यासारखं दिसतं.

मांडायचं कसं

हॉलमध्ये आपण शोकेस बसून बघतो, त्यामुळे सोफ्यावर बसल्यावर डोळे जिथे येतात, जमिनीपासून साधारण साडेतीन ते चार फूट, तो कप्पा मुख्य. सगळ्यात चांगलं सामान तिथे. त्याच्या वरच्या कप्प्यात हलकं आणि उंच, अगदी खाली जड आणि मोठं, म्हणजे घंगाळ, पुस्तकांचे गठ्ठे, झाकणाची टोपली. टोपलीत चार्जर आणि रिमोट पण लपतात.

एक कप्पा घेऊन सांगते, 30 इंच रुंद, 15 उंच, 12 खोल. आधी सगळ्यात मोठी वस्तू, समजा 11 इंची कळशी, अगदी मध्यावर न ठेवता डावीकडे सरकवून, पाठीपासून इंचभर पुढे. तिच्या उजव्या कुशीला, थोडं पुढे ओढून, मापटं, असं की कळशीचा पाव भाग त्याच्यामागे झाकला जाईल. मापट्यासमोर तिरकं चिपटं. झाली एक टोळी, उंच-मध्यम-बुटकं. मग सहा-सात इंच मोकळी जागा सोडायची, इथे हात शिवशिवतो पण काही ठेवायचं नाही. उजव्या टोकाला चार-पाच पुस्तकं आडवी रचून, कणे समोर, आणि वर अडकित्ता. संपला कप्पा. बसून बघा, एका बाजूला जड आणि उंच, दुसऱ्या बाजूला पसरट आणि हलकं, मध्ये खणाचा रंग दिसतोय. कप्प्याचा निदान तिसरा भाग रिकामा राहिला पाहिजे.

शेजारच्या किंवा खालच्या कप्प्यात मोठी वस्तू उजवीकडे घ्या, म्हणजे नजर नागमोडी खाली उतरते. सगळ्या कळशा डावीकडे आल्या तर शोकेस कललंय असं वाटतं.

छोट्या वस्तू मागे हरवतात, त्यांना पायरी लागते. जुने मोबाइलचे खोके, मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे, त्याच खणाचा उरलेला तुकडा गुंडाळून, इतकंच. पायरी मागे, तिच्यावर सावंतवाडीची लाकडी फळं किंवा बाहुल्या, पुढे काहीच नाही किंवा एखादी सपाट वस्तू. एका कप्प्यात शक्यतो एकाच जातीचं सामान ठेवा, पितळेचा कप्पा, लाकडाचा कप्पा, पुस्तकं-फोटोंचा कप्पा. पितळेच्या शेजारी क्रिस्टलचा हंस आणि त्याच्या शेजारी टेडी बेअर, इथेच गडबड होते.

शिवाजी महाराजांची मूर्ती असेल तर तिला स्वतंत्र कप्पा द्या, वरच्या ओळीतला मधला, बाजूला दुसरं काही नको. फोटोंच्या फ्रेमा एकाच रंगाच्या करा, नव्या नकोत, जुन्याच सगळ्या काळ्या स्प्रेने रंगवल्या की झालं. गेलेल्या माणसांचे हार घातलेले फोटो मात्र इथे मांडू नका, त्यांची भिंत वेगळी असू दे, पण आजोबांचा तरुणपणीचा सायकलवरचा फोटो असेल तर तो जरूर ठेवा, त्याच्यावरूनच पाहुण्यांशी गप्पा सुरू होतात.

झालं की परत मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग गेले की कुठे गर्दी आहे, कुठे खड्डा पडलाय ते कळतं. मग एक वस्तू काढा. हो, काढाच, ठेवलेल्यातलं एक जवळजवळ नेहमीच जास्त असतं.

काय कुठे घ्यायचं

पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि बोहरी आळी, तांब्याचं हवं असेल तर कसब्यातली तांबट आळी, जिथे अजून ठोक्याची भांडी घडवतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जुने कंदील, कुलपं, मापं मिळतात, घासाघीस करायची तयारी हवी. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, शुक्रवारी दुकानं बंद असतात, आणि मातीच्या भांड्यांना धारावीचा कुंभारवाडा. कोकणात जाणं झालंच तर सावंतवाडीची चितारआळी. आणि कुठल्याही गावातलं भांड्यांचं दुकान, जुनं पितळ मोडीत आलेलं असतं, दुकानदाराला विचारलं तर आतून काढून दाखवतो, वजनावर देतो आणि नव्यापेक्षा बरंच कमी पडतं.

माझ्या हिशोबात स्ट्रिप, अ‍ॅडॉप्टर आणि पट्टी मिळून आठशे-हजार, खण चार-पाचशे, सनबोर्ड-टेप-गम तीनशे, स्प्रे रंग अडीचशे, आणि उरलेल्यात बाजारातून एखादी मनात भरलेली वस्तू. शहर आणि दुकान बदललं की वर-खाली होणार. पैसे कमी असतील तर वस्तू सोडा, मग खणाऐवजी जुनी साडी घ्या, उजेडात कपात करू नका.

झाड, धूळ आणि पावसाळा

बंद काचेत झाड ठेवू नका, उघडा कप्पा असेल तर काचेच्या बाटलीत मनीप्लांट छान दिसतो. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदलायचंच, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बाटली पुस्तकांच्या कप्प्यात नको.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात काचेआड दमट हवा कोंडते, पुस्तकांना पांढरी बुरशी आणि कसर लागते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पुस्तकांमागे ठेवा, आणि ऊन पडलेल्या दिवशी दारं दोन-तीन तास उघडी टाका. आतली स्ट्रिप रोज संध्याकाळी तासभर लावली तरी आत थोडी ऊब राहते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर खालच्या दोन कप्प्यांत काच-चिनी माती काहीच नको, आणि वरच्या उंच वस्तूंच्या बुडाला फोमचा डबलटेप.

धूळ पुसताना एका वेळी एकच कप्पा काढायचा आणि तोच लावून पुढचा घ्यायचा, सगळं एकदम काढलं की संध्याकाळी पाहुणे येतात. जे खोक्यात गेलंय त्याची यादी मोबाइलमध्ये ठेवा, कारण वन्सं पुढच्या वेळी आल्या की पहिलं विचारणार आमचा गणपती कुठाय, आणि तो त्या बेल वाजवायच्या आत मधल्या कप्प्यात आलेला असला पाहिजे.